ताटलीतला शेवटचा तुकडा

सँडग्रेन कुटुंबात ताटलीतला शेवटचा तुकडा कधी कुणी खाल्ला नाही. केक कितीही झकास होवो, शेवटच्या तुकड्यापाशी घोडं अडायचंच. स्टेलान म्हणायचा, "घे ना तू." पेर्निला म्हणायची, "छे, मला पुरे झालं, तूवाला दे." तूवा म्हणायची, "मी दोन खाल्लेत." मग कुणीतरी सुरी घेऊन त्या तुकड्याचे दोन करायचं, एक उचलायचं आणि दुसरा सज्जनपणे मागे ठेवायचं. पुढचा येऊन त्याचेही दोन करायचा. शेवटी नखाएवढा कपटा उरायचा, तो रात्रभर वाळायचा आणि सकाळी पाखरांना जायचा. बेटावरच्या चिमण्यांच्या कैक पिढ्या या घराच्या भिडस्तपणावर पोसल्या गेल्या.

तसा अख्खा स्वीडन देशच शेवटच्या तुकड्याला हात लावायला लाजतो, त्यामुळे एकट्या पेर्निलाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण भिडस्तांची शर्यत लावली असती, तर पेर्निला सगळ्यांत मागे राहून पहिली आली असती. बसमध्ये शेजारी कुणी बसलं की उतरायचंय हे सांगायची लाज वाटून ती एक थांबा पुढे जायची आणि चालत मागे यायची.

वय त्रेपन्न. सत्तावीस वर्षं ती जुन्या खिडक्या दुरुस्त करत होती. चौकट उतरवायची, शंभर वर्षांचा रंग खरवडायचा, कुजलेलं लाकूड कापून तिथे नवं बसवायचं, जवसाच्या तेलाची पुट्टी मळून काच पुन्हा लावायची. हात असे की अंधारात नुसतं चाचपून ती सांगायची, हे लाकूड झाडाच्या गाभ्याचं आहे की बाहेरचं. आठ हिवाळे संध्याकाळी घरी बसून, लांबून शिकून तिने पदवीही घेतली होती. का घेतली, असं कुणी विचारलं की म्हणायची, "सहज."

सहज काही नव्हतं. पण तिची खरी ठिणगी पडली ती गेल्या वर्षी.

किनाऱ्यापासून आतल्या एका गावात पाद्र्याचं दोनशे वर्षांचं घर होतं. त्याच्या सतरा खिडक्या काढून नव्या बसवायच्या, असा अहवाल आला. दुरुस्तीपलीकडे गेल्यात, असं त्यात लिहिलं होतं. पेर्निलाने एका चौकटीत टोच्या खुपसून बघितला. तो आत जाईना. लाकूड दगडासारखं होतं. बैठकीत ती उभी राहिली आणि म्हणाली, "कदाचित, म्हणजे मला असं वाटतं, कदाचित अजून पन्नास वर्षं टिकतील." अहवाल लिहिणारा तरुण माणूस फार सभ्य होता. "तुझं मत नोंदवून घेतो," असं म्हणाला, नोंदवून घेतलं आणि सतरा खिडक्या कचऱ्यात गेल्या. त्याच्या सहीखाली एम.ए.सारखी मोठी पदवी होती, हिच्या हातात टोच्या होता. गाडीत बसून पेर्निला खूप रडली. त्यांतली एक खिडकी तिने उचलून आणली आणि बेटावरच्या उन्हाळी घराच्या स्वयंपाकघरात बसवली. रोज सकाळी कॉफी पिताना ती त्या खिडकीतून समुद्र बघायची आणि रोज तिला त्या 'कदाचित'चा राग यायचा.

एप्रिलमध्ये तूवा घरी आली होती. तूवा म्हणजे तिची एकुलती एक लेक, पंचवीस वर्षांची, रसायनशास्त्रात पदवी झालेली. पुढे काय शिकायचं, याचा खल चालला होता. या देशात अर्ज एकच असतो. हव्या त्या अभ्यासक्रमांची नावं पसंतीच्या क्रमाने एकाखाली एक लिहायची, की झालं. दोघी मायलेकी लॅपटॉपपुढे बसून पानं चाळत होत्या. आणि घराजवळच्याच गोथेनबर्गचं ते पान उघडलं. जुन्या इमारतींचं जतन, दोन वर्षं, जागा पंधरा.

"अगं, हे बघ!" पेर्निला खुर्चीतून अर्धी उठलीच. "दुसऱ्या सत्रात नुसतं लाकूड आणि रंग! स्वतःची प्रयोगशाळा! जुनी पुट्टी का टिकते याच्यावर चक्क आठ आठवडे!" तिने ते पान मोठ्याने वाचलं, मग खाली जाऊन पुन्हा वर येऊन वाचलं.

तूवा आईच्या तोंडाकडे बघत होती. "छान आहे की," ती म्हणाली, आणि ते नाव तिने यादीत सगळ्यांत वर टाकलं. दुसऱ्या क्रमांकावर उमेओ होतं, उत्तरेला हजार किलोमीटरवर, लाकडाच्या रसायनशास्त्राचं.

पोरीला आवडलं, या आनंदात पेर्निला दोन दिवस होती. तिसऱ्या दिवशी तूवा परत गेली. अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी, हातावरची पुट्टी न धुताच, पेर्निलाने स्वतःचा अर्ज भरला. लोक चार-पाच नावं लिहितात. हिने एकच लिहिलं. खाली लिहायला तिला दुसरं काही सुचेना. सोबत पत्र जोडायचं होतं, ते तिने त्या सतरा खिडक्यांवर लिहिलं, एका बैठकीत, चार पानं. त्यात एकही 'कदाचित' नव्हतं.

घरात कुणाला सांगितलं नाही. मिळणार तर नाहीच, मग बोभाटा कशाला?

जुलैत निकाल आला, तेव्हा तिघंही बेटावर होती. तिथे फोनला रेंज फक्त बोटी लागायच्या लाकडी धक्क्याच्या टोकाला मिळते. पेर्निला तिथे जाऊन उभी राहिली, फोनवर आलेलं पत्र उघडलं आणि वाचलं. प्रवेश मिळाला होता. कुणाला तरी सांगायलाच हवं म्हणून ती वळली, तर समोरून तूवाच फोन घेऊन येत होती.

"आई, माझंही आलं," तूवा म्हणाली. तिच्या बोलण्यातलं 'ही' पेर्निलाच्या छातीत धस्स करून गेलं, पण तूवाच्या मनात दुसरंच होतं, तिला आपल्या मित्रमैत्रिणींचं म्हणायचं होतं. "उमेओला मिळालंय. गोथेनबर्गला प्रतीक्षा यादीत. पहिली."

"पहिली?"

"हो. वरच्या पंधरांतलं एक कुणी गळलं की मी आत."

पेर्निलाने आपली बातमी गिळली. तिने मनात हिशेब मांडला आणि तो तिच्या स्वभावाला शोभेल असाच मांडला. जागा पंधरा. मी म्हातारी, माझा नंबर शेवटचाच असणार, पंधरावा. पोरीचा सोळावा. म्हणजे आपल्या लेकीच्या तोंडचा घास आपण काढून घेतला! तिला इतकी लाज वाटली की फोन तिने पाठीमागे लपवला, लहान मुलं चोरलेला लाडू लपवतात तसा.

"अभिनंदन हं," ती कशीबशी म्हणाली.

"थँक्स," तूवा म्हणाली, आणि तिचा चेहराही काही खुललेला नव्हता. पेर्निलाला वाटलं, बरोबर आहे, हातातोंडाशी आलेला घास अडलाय बिचारीचा.

आता पुढचं सोपं होतं. मिळालेल्या जागेला अठरा जुलैपर्यंत 'हो' कळवावं लागतं. न कळवलं तर जागा पुढच्याला जाते. आणि दर उन्हाळ्यात देशभरात शेकडो लोक कळवायचे विसरतातच, कारण जुलैत हा देश खडकांवर आडवा पडलेला असतो आणि फोन बोटीत असतो. तशीच आपणही विसरलो, म्हणजे झालं. 'नको' असंसुद्धा तिला कळवायचं नव्हतं. तेवढं धाडस कुठून आणायचं? नुसतं पडू द्यायचं, वाळू द्यायचं. आणि तूवाला सांगायचं नाही. सांगितलं तर ती म्हणणार तू घे, मी म्हणणार तू घे, आणि उभा जन्म अर्धे-अर्धे तुकडे करण्यात जायचा.

तिला वाईट वाटलं का? वाटलं. रात्री कूस बदलताना वाटायचं आणि सकाळी त्या खिडकीपाशी फार वाटायचं. पण दिवस मोठे सुंदर होते. सकाळी पोहायचं, दुपारी नवे बटाटे आणि खारवलेले हेरिंग मासे, संध्याकाळी लख्ख ऊन. लेक जवळ होती, नवरा जवळ होता. आपल्याला काही कमी आहे का, असं ती स्वतःला दिवसातून सातआठदा विचारायची. ज्याला खरंच काही कमी नसतं तो इतक्यांदा विचारत नाही, हे मात्र तिच्या लक्षात आलं नाही.

स्टेलान तेवढा विचित्र वागत होता. एके दुपारी ती अवजारांच्या खोलीत गेली, तर हा बाबा बर्फावरच्या स्की काढून त्यांना मेण चोळत बसलेला.

"अरे, ऊन लागलंय का तुला? जुलै आहे!"

"लाकूड सुकतं," स्टेलान म्हणाला आणि छताकडे बघू लागला. तीस वर्षं संसार करूनही त्याला धड खोटं बोलता येत नव्हतं. पण पेर्निलाच्या पोटातच एवढं मोठं खोटं होतं की तिला दुसऱ्याचं दिसेना.

सतरा जुलैला दुपारी बाहेर, स्वयंपाकघराच्या खिडकीखालच्या टेबलावर कॉफी मांडली. वेलदोड्याचा केक होता. नेहमीसारखा संपत आला आणि नेहमीसारखा एक तुकडा ताटलीत राहिला. तूवा धक्क्यावर गेली होती, ती परत आली ती ताडताड पावलं टाकत. फोन हातात होता. ती बसली नाही.

"आई, पेर्निला सँडग्रेन नावाची कुणी बाई तुझ्या ओळखीची आहे का?"

पेर्निलाच्या हातातला कप बशीवर खणकन आपटला.

"त्रेपन्न वर्षांची. खिडक्या करते म्हणे. गोथेनबर्गला प्रवेश मिळालाय तिला."

"काय?" स्टेलान म्हणाला.

"तुला... तुला कसं कळलं?" पेर्निलाने विचारलं.

"यादी मागवली मी. सरकारी कागद आहे, कुणीही मागावा. चार दिवसांपूर्वी ईमेल केली होती. उन्हाळ्यापुरती ठेवलेली कुणी मुलगी होती बहुतेक तिकडे, तिने मुकाट पाठवून दिली." तूवाने फोन टेबलावर ठेवला. "आठ दिवस झाले निकालाला. तू एक अक्षर बोलली नाहीस. 'हो' कळवलंस?"

पेर्निला बशीत सांडलेली कॉफी पुसू लागली.

"आई. कळवलंस?"

"उद्या तारीख जाईल," पेर्निला हळूच म्हणाली. "मग जागा तुला मिळेल. मी विसरले असंच झालं असतं, कुणाला काही कळलं नसतं. अगं, तुझं वय आहे शिकायचं. माझं काय, मी आपली—"

"आणि माझं उमेओ?" तूवा ओरडलीच. "ते गेलं असतं ना!"

"ते कसं जाईल? ते मिळालंय तुला."

"वरच्या पसंतीचं मिळालं की खालचं आपोआप कटतं! विचारतसुद्धा नाहीत! हा नियम शाळेतल्या पोरांना माहीत असतो, तुला माहीत नाही?"

"माझ्या यादीत खालचं काही नव्हतंच," पेर्निला म्हणाली.

तूवाचा आवाज एकदम उतरला. ती बाकावर आईशेजारी बसली.

"म्हणजे तुला उमेओ हवंय?" पेर्निलाने विचारलं.

"पहिल्यापासून."

"मग गोथेनबर्ग वर का टाकलंस?"

"तू ते पान वाचत होतीस तेव्हा तुझं तोंड बघितलं होतंस का? मला वाटलं, आईला मी जवळ हवीय. हजार किलोमीटरवर जाते म्हटलं तर तू 'जा जा' म्हणशील आणि न्हाणीघरात जाऊन रडशील. मला कुठे ठाऊक, बाईसाहेबांना स्वतःलाच जायचंय!"

"निकालानंतर प्रतीक्षा यादीतून नाव काढायचं होतंस मग."

"काढलं असतं तर तुला काय वाटलं असतं? म्हणून तर यादी मागवली, कोण गळण्यासारखं आहे ते बघावं म्हणून. एकसुद्धा गळू नये म्हणून देव पाण्यात घालून बसले होते मी. आणि गळायला कोण टपलेलं? माझी आई!"

पेर्निलाने लेकीकडे बारीक डोळे करून बघितलं. आपली जात ती ओळखून होती. "तू हे माझ्यासाठी बोलतेयस," ती म्हणाली. "मला वाईट वाटू नये म्हणून. अर्धा तुकडा मागे ठेवतेयस."

तूवाने हताश होऊन बापाकडे बघितलं. "बाबा, सांग ना रे."

स्टेलान खाकरला. "स्की," तो म्हणाला.

"काय स्की?"

"मे महिन्यात मागितल्या तिने माझ्या. उमेओला न्यायला. मेण लावून ठेव म्हणाली. गोथेनबर्गात काय पावसावर स्की करणार आहे ती?"

"मे महिन्यापासून तुला माहीत होतं?"

"आईला तूच सांग, म्हटलं मी तिला. मायलेकींच्या मध्ये मी कशाला बोलू?"

पेर्निलाने आधी त्याच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि तिला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने पुसलंही नाही. तीन माणसं एका छपराखाली, तिघांच्या पोटात एकेक गोष्ट, आणि ओठांवर फक्त "घे ना तू, मला पुरे झालं." एका दिवसाने चुकलं असतं. एका दिवसाने लेकीची जागा गेली असती आणि आईचीही, आणि तिघंही एकमेकांना म्हणाली असती, छान झालं हं.

"भीड ही भिकेची बहीण," स्टेलान म्हणाला. "माझी आजी म्हणायची."

"तू बोलू नकोस," दोघी एकदम म्हणाल्या.

तिघंही धक्क्यावर गेली. तूवाने आधी आपलं नाव प्रतीक्षा यादीतून काढलं, आईच्या देखत, स्क्रीन तिच्या नाकासमोर धरून, म्हणजे संशय नको. मग पेर्निलाने स्वतःचा फोन काढला. पान उघडलं आणि तिचं बोट तिथेच थांबलं.

"आता काय?" तूवाने विचारलं.

"नाही, म्हणजे... पोरांच्या वर्गात मी कशी दिसेन? आणि शेवटचा नंबर कुणालातरी लागायचा, तो मला लागला. उरलीसुरली जागा ती. ती घ्यायची म्हणजे—"

"कुणी सांगितलं शेवटचा?"

"मीच धरून चालले."

"तू यादी बघितलीच नाहीस," तूवा म्हणाली. तिने आपल्या फोनवर ती यादी उघडली आणि आईपुढे धरली. पेर्निलाचा चष्मा घरात राहिला होता, म्हणून स्टेलानने आपला काढून तिला दिला. तिने खालून वाचायला सुरुवात केली. पंधरावं नाव तिचं नव्हतं. चौदावंही नव्हतं. ती एकेक ओळ वर सरकत गेली. मध्यावर आल्यावर तिला वाटलं, नाव गळलं बहुतेक, चुकून दिलं होतं वाटतं आपल्याला.

"अजून वर," तूवा म्हणाली.

सगळ्यांत वर, पहिल्या ओळीत, पेर्निला सँडग्रेन लिहिलेलं होतं. बाजूला गुण होते, पत्राला पैकीच्या पैकी.

तिने ते तीनदा वाचलं. सतरा खिडक्या तिला आठवल्या, आणि तो टोच्या, जो लाकडात शिरला नव्हता. कुणीतरी, तिला न बघता, तिचा आवाज न ऐकता, तिची चार पानं वाचली होती आणि नुसतं नोंदवून न घेता खरं मानलं होतं. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"ही उरलेली जागा नाहीये, आई," तूवा म्हणाली. "तुझी आहे."

पेर्निलाने 'हो' दाबलं. दाबलं एकदाच.

तिघंही घराकडे परत निघाली. तूवाने आईच्या कमरेत हात घातला होता. स्टेलान पुढे चालत होता, चष्मा परत मागायचं त्याला सुचलं नव्हतं आणि तो दोनदा ठेचकाळला. टेबलावर कॉफी गार झाली होती. ताटलीत वेलदोड्याच्या केकचा तो एक तुकडा तसाच होता. कठड्यावर दोन चिमण्या येऊन बसल्या होत्या, सवयीप्रमाणे.

स्टेलानने सवयीप्रमाणे सुरी उचलली. "अर्धा देऊ तुला?"

"नको," पेर्निला म्हणाली.

तिने त्याच्या हातातली सुरी काढून घेतली, बाजूला ठेवली आणि तो तुकडा अख्खा उचलला. पाद्र्याच्या घरातल्या त्या खिडकीखाली बसून तिने तो सावकाश खाल्ला, शेवटी ताटलीतला चुरासुद्धा बोटाने टिपून घेतला. नवरा आणि लेक बघत राहिली. चिमण्यांना त्या दिवशी काही मिळालं नाही.